होडीची डागडुजी: मशीन निवडण्यापासून शेवटच्या पॉलिशपर्यंत

नाशिक जिल्ह्यात किती होड्या आहेत, याचा अंदाज घरी बसून येत नाही. गंगापूर धरणावर पर्यटकांच्या बोटी आहेत. गोदावरीवर केटीएचएम महाविद्यालयाच्या बोट क्लबात मुलं-मुली वल्हवण्याचा सराव करतात. दारणा, मुकणे, गिरणा अशा धरणांच्या पाण्यावर मच्छीमारांच्या होड्या फिरतात. पावसाळ्यात गोदेचं पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला लागलं की बचाव पथकाच्या बोटी सज्ज ठेवाव्या लागतात, आणि २०२७च्या सिंहस्थात त्यांच्यावरचा भार वाढणारच आहे. रिओ ऑलिंपिकमध्ये (२०१६) एकेरी नौकानयनात तेरावं स्थान मिळवणारे दत्तू भोकनळ याच जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्याचे.

होड्यांची निगा कशी राखायची याबद्दलची माहिती मात्र बहुतेक समुद्राची असते. तिथे खारं पाणी आणि तळाला चिकटणारे शंख-शिंपले हे मोठे शत्रू. आपल्या गोड्या पाण्यातली दुखणी वेगळी आहेत. उन्हाळ्यात धरणाची पातळी खाली गेली की होडी काळ्या पाषाणावरून ओढली जाते आणि तळ खरवडून निघतो. पाण्याच्या रेषेवर शेवाळ आणि क्षारांचा पट्टा बसतो. उन्हाने जेलकोट (फायबरच्या होडीवरचा बाहेरचा चकचकीत थर) पांढरट, खडूसारखा होतो. शिवाय फायबरच्या थरांत गोडं पाणी खाऱ्यापेक्षा जास्त सहज झिरपतं, त्यामुळे वर्षानुवर्षं पाण्यातच बांधून ठेवलेल्या होडीच्या तळाला फोड येतात.

या कामांना आता मशीन लागतं, आणि मशीनची निवड चुकली तर होडीचं नुकसान धरणाच्या पाण्यापेक्षा मशीनच जास्त करतं. म्हणून ग्राइंडर किंवा सँडर (घासकागद फिरवणारं मशीन) उचलण्याआधी प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायचा: या जागेवरून मला नेमकं किती काढायचं आहे? फायबरच्या होडीवरचा जेलकोट जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. ४० नंबरची डिस्क (नंबर जितका लहान तितकी ती खरखरीत) लावलेला ग्राइंडर तो काही सेकंदांत पार करून आतल्या काचतंतूंपर्यंत पोहोचतो. पुढचं सगळं याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

आधी होडी ओळखा

लोहचुंबक चिकटला तर पत्रा लोखंडी. चिकटला नाही, पण धातूसारखा आवाज येतो, तर ॲल्युमिनियम. बोटाने ठोकल्यावर बद्द आवाज आणि आतल्या बाजूने जाळीदार धागे दिसले तर फायबर. लाकूड आपलं आपण कळतं. शर्यतीची लांब, अरुंद बोट कार्बन आणि मधाच्या पोळ्यासारख्या गाभ्याची असू शकते; तिचे नियम वेगळे आहेत, ते पुढे येतील. हवा भरायच्या रबरी बोटीच्या कापडाला कोणतंही फिरतं मशीन लावायचं नाही. तिथे ब्रश, साबण आणि कंपनीने सांगितलेला गोंद एवढंच.

पहिलं मशीन कोणतं घ्यावं

बहुतेक जण पहिल्यांदा चार इंची ग्राइंडर आणतात, कारण तो स्वस्त आहे आणि प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. माझं मत ठाम आहे: तुमची होडी फायबरची असेल तर पहिले पैसे रँडम ऑर्बिटल सँडरवर घाला. ब्रँडेड ग्राइंडरच्या दुप्पट-तिप्पट किंमत पडते, पण वर्षभरातली निम्म्याहून जास्त कामं तोच करतो.

त्याचं पॅड गोल फिरतं आणि त्याच वेळी थोडं इकडेतिकडे सरकतंही, त्यामुळे एकाच रेषेत चरे पडत नाहीत. चौकोनी पॅडचा फिनिशिंग सँडर वेगळा. तो सुताराच्या हलक्या कामाला ठीक, होडीच्या गोलाईवर मंद पडतो. घेताना १२५ मिलिमीटरचं पॅड, वेल्क्रोची पकड, वेग कमी-जास्त करायची चकती आणि धूळ ओढणाऱ्या नळीसाठी तोंड या चार गोष्टी बघा. १५० मिलिमीटरचं मशीन मोठ्या सपाट बाजूंना चांगलं, पण होडीला सपाट जागा असतात तरी किती? पॅडला जेवढी छिद्रं तेवढ्याच छिद्रांचा कागद घ्या. छिद्रं जुळली नाहीत तर धूळ कागदाखालीच फिरत राहते, कागद लवकर मरतो आणि जेलकोटवर बारीक गोल ओरखडे उमटतात.

दुसरं मशीन बॅटरीवरचं ड्रिल-ड्रायव्हर, क्लच (ठरावीक जोर आला की आवळणं थांबवणारी यंत्रणा) असलेलं. क्लच नसलेल्या ड्रिलने फायबरमध्ये स्क्रू आवळला की डोकं आत घुसतं आणि भोवतीचा जेलकोट ताऱ्यासारखा तडकतो. एक गोष्ट खरेदीच्या वेळी लक्षात असू द्या: ‘१८ व्होल्ट’ आणि ‘२० व्होल्ट मॅक्स’ हे एकच आहे. पाच लिथियम सेलची बॅटरी पूर्ण भरल्यावर २० च्या आसपास व्होल्ट दाखवते आणि कामाच्या वेळी १८ वर बसते. दोन आकड्यांच्या फरकासाठी जास्त पैसे देऊ नका. जी कंपनी निवडाल तिच्याच बॅटऱ्या पुढच्या मशीनलाही चालतील असं बघा. बॉश, मकिता, डीवॉल्ट या प्रत्येकाची खाच वेगळी आहे.

तिसरा ग्राइंडर. लोखंडी होडी असेल तर हाच पहिला. फायबरसाठी घेताना वेग बदलता येणारा घ्या. साधा १०० मिलिमीटरचा ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेऱ्या मारतो, म्हणजे डिस्कची कड ताशी दोनशे किलोमीटरहून जास्त वेगाने जात असते. एवढा वेग जेलकोट जाळतो.

चौथं पॉलिशिंग मशीन: १८० मिलिमीटर पॅडचं, साधारण ६०० पासून ३००० फेऱ्यांपर्यंत वेग बदलणारं. ग्राइंडरला लोकरीचं पॅड बसवून पॉलिश करणारे पुष्कळ दिसतात. कृपा करून ते करू नका. जिगसॉ, हीट गन, हवा मारायचा ब्लोअर ही मशीनं वर्षातून एखाद-दोनदा लागतात, ती मागून आणली तरी चालतात. धूळ ओढणारा वर्कशॉप व्हॅक्यूम मात्र मी चैनीत धरत नाही. तो सँडरबरोबरच घ्यावा.

बॅटरी की वायर

काठावर वीज नसते, म्हणून सगळंच बॅटरीवर घ्यावं असं वाटतं. ड्रिल, जिगसॉ, छोटा ब्लोअर यांना बॅटरी उत्तम. सँडर आणि ग्राइंडर मात्र सतत ताकद खातात. चार-पाच ॲम्पिअर-अवरची बॅटरी तळ घासताना बघता बघता उतरते आणि तुम्ही चार्जरजवळ बसून राहता. तळाचं मोठं काम असेल तर होडी ट्रॉलीवर घालून शेडमध्ये न्या आणि वायरवरची मशीनं वापरा.

वायर आली की पाणी आणि वीज एकत्र येतात, तेव्हा इथे घाई चालणार नाही. होडी पाण्यात असताना तिच्यावर २३० व्होल्टचं मशीन चालवायचं नाही, दोन मिनिटांचं काम असलं तरी. तरंगत्या होडीत फक्त बॅटरीची मशीनं. शेडमध्ये बोर्डाला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असलाच पाहिजे, आणि काम सुरू करण्याआधी त्याचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का हे बघायचं. साधा एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवायला आरसीसीबी लागतो. मशीनच्या पाटीवर एका चौकोनात दुसरा चौकोन काढलेला असेल तर ते दुहेरी इन्सुलेशनचं आहे, अशा मशीनला दोनच पिना असतात. इतर कोणत्याही मशीनची तिसरी पिन काढून टाकू नका.

एक्स्टेन्शनची वायर २५ मीटरपर्यंत लांब असेल तर तांब्याची आणि निदान १.५ चौरस मिलिमीटरची हवी. मोठ्या ग्राइंडरला २.५ घ्या. बारीक वायरमध्ये विजेचा दाब कमी होतो, मोटर जोर लावते आणि तापते. गावाकडे आधीच व्होल्टेज कमी असतं, त्यात बारीक वायर जोडली की मोटरमधलं आर्मेचर (तारा गुंडाळलेला फिरता भाग) जळायला वेळ लागत नाही. रिळावर गुंडाळलेली वायर पूर्ण उलगडून मगच वापरा, नाहीतर ती गुंडाळलेल्या जागीच वितळते. दोन वायरींचा जोड जमिनीवर ठेवू नका, विटेवर किंवा स्टुलावर घ्या. होडीवरून घरंगळणारं पाणी नेमकं तिथेच जातं.

कधी काम काढावं

पावसाळ्यात फायबरचं काम काढू नये. हवेतला ओलावा थरांत अडकतो. दिवाळीनंतरचे दिवस चांगले, पण एक अडचण आहे: निफाडच्या पट्ट्यात थंडीत पारा कधी कधी एक आकडी होतो, आणि १५ अंशांखाली पॉलिस्टर रेझिन (काचतंतूंचे थर बांधून ठेवणारा, हार्डनर घातला की घट्ट होणारा द्रव) नीट जमत नाही. डिसेंबर-जानेवारीत रेझिनचं काम सकाळी दहा-अकरानंतर सुरू करून चारच्या आत आटपा. एप्रिल-मेमध्ये धरण उतरलेलं असतं, होड्या बाहेर काढायला तोच सोयीचा काळ, आणि तळ वाळवायला ते ऊन वरदान आहे. पण चाळिशीच्या जवळच्या उन्हात रेझिन डब्यातच घट्ट होतं. तेव्हा पहाटे रेझिन, दुपारी सावलीत घासकाम, अशी वाटणी करा.

फायबरची होडी: खरवडलेला तळ दुरुस्त करताना

पहिलं पाऊल मशीनचं नाही. होडी साबणाच्या पाण्याने धुवा, सुकवा, मग मेण आणि तेल काढणाऱ्या द्रावणाने पुसा. एका फडक्याने लावायचं आणि लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. मेण न काढता सँडर लावला तर कागद ते मेण ओरखड्यांत दाबून भरतो आणि नंतरचा थर तिथे धरत नाही. दुरुस्ती सहा महिन्यांत पापुद्र्यासारखी सुटते, त्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

मग नाण्याने तळ ठोकत जा. टणक आवाज म्हणजे थर एकमेकांना घट्ट. बद्द आवाज आला तिथे पेन्सिलने खूण करा; आतले थर सुटले आहेत किंवा पाणी शिरलंय. शंका असेल तर चांगल्या चिकटपट्टीने पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी सीलबंद करून रात्रभर ठेवा. सकाळी ऊन आल्यावर आतून दव दिसलं तर तळ ओला आहे. फोड असतील तर ते फोडून गोड्या पाण्याने वारंवार धुवा. आतला द्रव चिकट आणि व्हिनेगरसारख्या वासाचा असतो, तो राहिला तर फोड पुन्हा येतात. फोडताना गॉगल लावा, हा द्रव दाबाने उडतो. वाळवायला काही आठवडे लागतात, आणि इथे आपला मे महिना कामी येतो.

ओरखडा फक्त जेलकोटपुरता आहे की काचतंतू दिसतायत, हे भिंगाने बघा. फक्त जेलकोट गेला असेल तर ग्राइंडरला हातच लावू नका. सँडरवर १२० नंबरचा कागद, मधला वेग, आणि चऱ्याच्या कडा उतरत्या करा. एवढं पुरे.

काचतंतू तुटले असतील तर खाच खणावी लागते, आणि इथे ग्राइंडरची पाळी येते. ३६ किंवा ४० नंबरची फायबर डिस्क रबरी पॅडवर, वेग कमी. डिस्कचा फक्त वरचा तिसरा भाग टेकवायचा, साधारण दहा-पंधरा अंशांचा कोन धरायचा आणि हात सतत फिरता ठेवायचा. उतार किती द्यायचा याचा ठोकताळा बारास एक: होडीची जाडी ४ मिलिमीटर असेल तर भोकाच्या प्रत्येक बाजूला जवळपास ५ सेंटिमीटर उतार. बघणाऱ्याला वाटतं, छोट्या भोकासाठी एवढा मोठा खड्डा कशाला? पण नवीन मॅटची (काचतंतूंच्या कापडाची) पकड त्या उतारावरच असते. उतार काढताना आतले थर नकाशावरच्या समोच्च रेषांसारखे एकामागून एक दिसू लागतात. त्या रेषा सारख्या अंतराने दिसल्या की उतार एकसारखा झाला. एका बाजूला रेषा दाटल्या तर तिथे उतार उभा राहिलाय, तिथे अजून घासा.

आता रेझिन. पॉलिस्टर रेझिनला एमईकेपी हार्डनर वजनाने एक ते दोन टक्के: १०० ग्रॅमला उन्हाळ्यात एक ग्रॅम, थंडीत दोन. एक टक्क्याखाली जाऊ नका, नाहीतर थर कायमचा मऊ राहतो. छोटा डिजिटल काटा किंवा सिरिंज वापरा. आणि हे अगदी लक्ष देऊन वाचा: कोबाल्ट (रेझिन लवकर जमवणारं द्रावण) वेगळा आला असेल तर तो आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, नंतर हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत पडले तर स्फोट होऊ शकतो. दोन्हींसाठी एकच सिरिंज किंवा एकच माप वापरू नका. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. निदान पंधरा मिनिटं डोळा वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जा. म्हणूनच पाण्याची भरलेली बादली आणि तांब्या कामाच्या जागेपासून दोन पावलांवर ठेवायचे, लांबच्या नळावर विसंबायचं नाही.

मॅटचे तुकडे उताराच्या आकाराचे, एकापेक्षा एक मोठे कापून ठेवा. प्रत्येक थर ब्रशने ओला करा आणि लोखंडी खाचेदार रोलरने हवेचे बुडबुडे बाहेर काढा. तीन-चारपेक्षा जास्त थर एका दमात चढवू नका. रेझिन जमताना तापतं आणि जाड थर तडकतो. उरलेलं रेझिन डब्यात तसंच ठेवलं तर ते धुरावतं, पसरट पत्र्यावर ओतून मोकळ्या जागेत ठेवा.

जुनी दुरुस्ती इपॉक्सीची (दुसऱ्या प्रकारच्या रेझिनची) असेल तर तिच्यावर पॉलिस्टर नीट धरत नाही. तिथे इपॉक्सीच वापरा. इपॉक्सी जमल्यावर वर मेणासारखा चिकट थर येतो. तो सँडर लावण्याआधी साध्या पाण्याने आणि खरखरीत स्पंजने धुवून काढायचा, नाहीतर कागद भरून जातो.

थर जमल्यावर सँडर परत येतो. ८० नंबर, मग १२०. पेन्सिलने दुरुस्तीवर आडव्या-उभ्या रेषा मारा. रेषा पुसल्या गेल्या की त्या जागी थांबा. सँडर टेकवून मग सुरू करायचा आणि चालू असतानाच उचलायचा. हवेत सुरू करून टेकवला तर पहिल्याच क्षणी खोल गोल चरा पडतो. वरून जोर देऊ नका, मशीनचं वजन पुरेसं आहे. जोर दिला की पॅडचं फिरणं थांबतं आणि ते नुसतं थरथरत राहतं. सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर, एवढ्या सावकाश हात चालवा. कडेवर, कण्यावर आणि नाळेच्या (होडीच्या पुढच्या) टोकावर मशीन थांबवून हाताने कागद फिरवा, कारण गोलाईच्या माथ्यावर पॅडचा सगळा भार एका रेषेवर येतो.

शेवटी जेलकोट. साधा जेलकोट हवेच्या संपर्कात वरून चिकट राहतो, म्हणून त्यात मेणाचं द्रावण मिसळतात किंवा वर पातळ प्लास्टिक चिकटवतात. आजूबाजूच्या पातळीपेक्षा तो किंचित वर ठेवा, म्हणजे घासून बरोबर आणता येतो. पूर्ण जमल्यावर सँडरवर २२० आणि ४०० नंबर. त्यापुढे ६००, ८००, १००० वॉटर पेपर, पाण्यात बुडवून, हाताने, कठीण रबरी ठोकळ्यावर. विजेच्या सँडरने ओलं घासायचं नाही. ओल्या कामाला हवेवर चालणारा सँडर असतो, पण त्याला मोठा कॉम्प्रेसर लागतो, टायरमध्ये हवा भरणाऱ्या छोट्या कॉम्प्रेसरचा दम पुरत नाही.

पॉलिश

कंपाउंड (पॉलिशची घासणारी पेस्ट) पॅडवर न घेता होडीवर ठिपक्यांनी लावा. एका वेळी दोन-अडीच फूट चौकोन. मशीन बंद असतानाच पॅडने ते पसरवा, मग ६००-९०० फेऱ्यांवर सुरू करा, जास्तीत जास्त १२०० पर्यंत न्या. पॅड किंचित तिरकं धरा आणि कड आली की अशा बाजूने जा की पॅड कडेवरून बाहेर फिरेल, कडेला येऊन धडकणार नाही. दर काही सेकंदांनी तळहात टेकवा. हात ठेववत नाही इतकं गरम झालं तर जेलकोट पिवळट पडतो आणि पुन्हा पांढरा होत नाही. काम सावलीत करा. शेवटी हाताने मेण, वर्षातून निदान दोनदा; उन्हापासूनचं तेच खरं संरक्षण.

फायबरमध्ये भोक पाडताना, कापताना

वर मास्किंग टेप लावा. ड्रिल आधी उलट दिशेने फिरवून जेलकोटवर गोल खूण करा, मग सरळ दिशेने हलक्या हाताने भोक पाडा. स्क्रूच्या जागी भोकाचं तोंड थोडं रुंद करा, म्हणजे आवळताना कड तडकत नाही. आत लाकडाचा किंवा फोमचा गाभा असेल तर भोकाची आतली भिंत रेझिनने बंद केल्याशिवाय स्क्रू बसवू नका. होड्या सडतात त्या बहुधा अशा एका उघड्या भोकातून.

लोखंडी पत्र्याची होडी

इथे ग्राइंडर आणि वायर कप ब्रश. आधी हातोडीने हलकेच ठोकून गंजाचे पापुद्रे पाडा. ठोकताना पत्रा आत जातोय असं वाटलं तर तिथे ब्रश लावण्यात अर्थ नाही, तो तुकडा कापून वेल्डिंगने नवा पत्राच बसवावा लागेल. वेल्डिंग सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतल्या चांगल्या फॅब्रिकेटरकडून करून घ्या, पातळ पत्र्याला सराव लागतो.

ब्रशवर छापलेल्या फेऱ्या ग्राइंडरच्या फेऱ्यांपेक्षा जास्त असल्या पाहिजेत. कमी असतील तर तो ब्रश तारा फेकतो, आणि त्या तारा कपड्यातून थेट कातडीत घुसतात. नुसता गॉगल पुरत नाही, पूर्ण चेहऱ्याची ढाल लावा. घट्ट गंजाला ६० किंवा ८० नंबरची फ्लॅप डिस्क (घासकागदाच्या पट्ट्या एकावर एक बसवलेली) चालते, पण पातळ पत्र्यावर एका जागी थांबलात तर पत्रा निळा पडतो आणि वाकतो. स्वच्छ केलेल्या पत्र्यावर त्याच दिवशी रेड ऑक्साइड किंवा इपॉक्सी प्रायमर मारा. रात्रीच्या दवात उघडा लोखंडी पत्रा सकाळपर्यंत लालसर होतो.

ग्राइंडिंगच्या आधी पेट्रोलची टाकी आणि नळी होडीतून काढून लांब ठेवा. शेजारी फायबरची होडी असेल तर ती झाका, कारण ठिणगीतले लोखंडाचे कण जेलकोटमध्ये रुततात आणि पावसाळ्यात त्यांचे तपकिरी डाग फुटतात.

डिस्कबद्दल तीन गोष्टी. कटिंग डिस्कने आडवं घासायचं नाही, ती बाजूने दाब सोसत नाही. चार इंची मशीनचं गार्ड काढून पाच इंची डिस्क लावायची नाही. मोठ्या डिस्कला तेवढा वेग झेपत नाही आणि फुटली तर अडवायला गार्डही नसतं. आणि डिस्कच्या मधल्या धातूच्या कडीवर महिना-वर्ष छापलेलं असतं, ती तिची मुदत. रेझिनने बांधलेली डिस्क ओलावा खाऊन कमजोर होते. दुकानदाराकडून घेताना ही तारीख वाचा.

ॲल्युमिनियम

लोखंडावर वापरलेली डिस्क किंवा ब्रश ॲल्युमिनियमला लावू नका. लोखंडाचे कण रुततात आणि तिथून गंज धरतो. साधी ग्राइंडिंग डिस्क ॲल्युमिनियमने भरते, तापते, फुटू शकते, म्हणून खास ॲल्युमिनियमची फ्लॅप डिस्क घ्या आणि ब्रश स्टेनलेस स्टीलचा. दोन्ही धातूंची धूळ एका पिंपात गोळा करू नका. गंजलेलं लोखंड आणि ॲल्युमिनियमची पूड एकत्र आली की ठिणगीने भयंकर पेटते.

शर्यतीच्या बोटी

एकेरी शर्यतीच्या बोटीला आंतरराष्ट्रीय नियमाने किमान १४ किलो वजन लागतं. आठ मीटरच्या आसपास लांबीची बोट फक्त १४ किलोची, तर तिची कातडी किती पातळ असेल याचा विचार करा. तिथे मशीन नकोच. कागद, रबरी ठोकळा आणि वेळ, एवढंच साहित्य. कार्बनची धूळ वीजवाहक असते, ती मशीनच्या मोटरमध्ये गेली तर शॉर्ट होतो; कातडीला खाज आणते ते वेगळंच. रिगरचे (वल्हं टेकवायच्या, बोटीबाहेर आलेल्या सांगाड्याचे) नट हाताच्या पान्याने आवळा. इम्पॅक्ट ड्रायव्हर (ठोके देत आवळणारं मशीन) एका झटक्यात आटे खातो, आणि सरावाच्या मध्यावर रिगर सुटला तर खेळाडू थेट पाण्यात जातो. होडीच्या मागे बाहेरून लावायच्या आउटबोर्ड इंजिनाच्या स्पार्क प्लगला आणि गिअर ऑइलच्या स्क्रूलाही हाच नियम: सोडवणं, आवळणं दोन्ही हाताने.

तुमचं शरीर आणि आपलं पाणी

फायबरची धूळ फुप्फुसात जाते आणि राहते. घासताना एन-९५ किंवा एफएफपी-२ मास्क, नाकावर नीट बसलेला. तोंडाला बांधलेला रुमाल काहीच अडवत नाही. रेझिनचा वास म्हणजे स्टायरिनची वाफ, तिला धुळीचा मास्क चालत नाही. सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज असलेला रबरी मास्क लागतो. कानाला प्लग लावा. ग्राइंडर चालवताना उपरणं, ओढणी, गळ्यातली माळ, सैल बाह्या आणि सुती सैल हातमोजे काढून ठेवा. थरथरणाऱ्या मशीनवर सलग तासन् तास काम करू नका. बोटं बधिर, पांढरी पडू लागली तर तो दिवस तिथेच संपवा, कारण ही इजा हळूहळू कायमची होते.

गंगापूर धरणाचं पाणी नाशिकच्या घराघरांत पिण्यासाठी येतं. म्हणून घासकाम काठावर करू नका, होडी उतारावरून वर, पाण्यापासून लांब आणा. खाली ताडपत्री किंवा जाड प्लास्टिक अंथरा, सँडरला व्हॅक्यूम जोडा, आणि शेवटी धूळ ब्लोअरने न उडवता गोळा करून पिशवीत बांधा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्याची धूळ तर आणखी जपून. ओलं घासल्यावरचं पांढरं पाणी बादलीत निवळू द्या, वरचं पाणी शेडच्या शोषखड्ड्यात सोडा आणि गाळ वाळवून धुळीबरोबर टाका. थिनर, ॲसिटोन आणि रेझिनचे ब्रश धरणात धुणाऱ्याला तिथल्या तिथे अडवा.

मशीनची निगा

काचतंतूची धूळ बेअरिंग आणि वाइंडिंग खाते. फायबरचं काम झाल्यावर मशीन उघड्यावर चालू करून छिद्रांतून कोरडी हवा मारा, डोळ्यांना गॉगल लावून. ठिणग्या जास्त दिसू लागल्या, मशीन मध्येच बंद पडू लागलं की कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे ठोकळे) बघा. बहुतेक वेळा तेवढंच बदलायचं असतं. जोडी एकदम बदला आणि त्याच मापाची, त्याच मॉडेलची घ्या. कानस मारून बसवलेला ब्रश कम्युटेटरला (तो जिथे घासतो त्या तांब्याच्या कड्याला) चरे पाडतो.

बॅटरी उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. काम करून गरम झालेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, हाताला गार लागेपर्यंत थांबा. पावसाळ्यात मशीनं पडून राहणार असतील तर बॅटऱ्या मशीनमधून काढून, निम्म्या भरलेल्या स्थितीत, घरात कोरड्या कपाटात ठेवा. डिस्क हवाबंद डब्यात, सपाट, वर काही जड न ठेवता. सँडरचं पॅड मशीनच्या भाराने दबू नये म्हणून मशीन आडवं ठेवा, आणि वायर मशीनभोवती घट्ट न गुंडाळता सैल वेटोळं करून बाजूला टांगा.